काळी चारमधला वॉल्ट्झ

ड्रेस्डेन

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, रेकॉर्डिंग ऐकून तुम्ही फोनवर जे म्हणालात, त्यावर तेव्हा नीट बोलता आलं नाही. आवाज तुटत होता, आणि आई मागून "आधी ती जेवली का विचारा" म्हणत होती. (जेवले होते गं.) म्हणून आज सगळं सविस्तर लिहायला बसलेय. तुम्ही म्हणालात, "छान वाजवलंयस, पण पहिल्या सुरापासूनच डोळ्यांत पाणी आणून बसलीयस. मग पुढच्यासाठी काय ठेवलंस?" तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. पण शोपाँ या पोलिश संगीतकाराचा तो वॉल्ट्झ (तीन मात्रांच्या नाचाची धून) मी पियानोवर तसा का वाजवला हे सांगायचं, तर आधी त्या वॉल्ट्झची हकिगत सांगायला हवी. ती तुम्हा दोघांना आवडेल, कारण त्यात आई-वडील आहेत.

शोपाँनं १८३० च्या नोव्हेंबरात वॉर्सा सोडलं, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. तो निघाला आणि महिना व्हायच्या आत तिकडे रशियाविरुद्ध उठाव झाला. परत जाणं राहिलं ते राहिलंच. पुढे पॅरिसमध्ये शिकवण्या करून त्यानं नाव कमावलं, पण आई-वडिलांचं तोंड दिसलं ते थेट १८३५ च्या ऑगस्टमध्ये, कार्ल्सबादला. म्हणजे आताचं चेक प्रजासत्ताकातलं कार्लोव्ही व्हारी. वडील तिथलं औषधी पाणी घ्यायला आले होते, आणि हा पॅरिसहून येऊन पोचला. तिघांनी काही आठवडे एकत्र काढले. मग एका सरदार घराण्याच्या आग्रहावरून एल्ब नदीवरच्या तेचेन गावी त्यांच्या वाड्यावर राहिले, आणि तिथून आई-वडील वॉर्साकडे परतले. त्यानंतर त्यांची भेट झाली नाही. वडील १८४४ मध्ये गेले, शोपाँ १८४९ मध्ये, ३९ व्या वर्षी. आई मुलाच्या मागे १८६१ पर्यंत होती.

ते तेचेन, आताचं द्येचीन, माझ्या घरापासून आगगाडीनं तासाभराच्या आत येतं. मी जाऊन आले. नदीकाठी उंच खडकावर तो वाडा अजून उभा आहे. तीच नदी खाली वाहत ड्रेस्डेनला येते, आणि शोपाँही आई-वडिलांचा निरोप घेऊन तसाच इथे आला. इथे वॉर्सापासूनच्या ओळखीचं वोजिन्स्की कुटुंब राहत होतं. त्यांची मुलगी मारिया सोळा वर्षांची, स्वतः पियानो वाजवणारी. १८३५ च्या सप्टेंबरात इथून निघताना त्यानं हा वॉल्ट्झ तिला स्वतःच्या हातानं लिहून दिला. पुढल्या वर्षी त्यानं तिला मागणी घातली, जमल्यासारखंही झालं, पण त्याच्या तब्येतीची काळजी तिच्या घरच्यांना होतीच आणि १८३७ मध्ये ते बारगळलं. त्या घरातून आलेली पत्रं त्यानं बांधून ठेवली होती. वर पोलिश भाषेत लिहिलं होतं, 'माझं दुःख'. तो गठ्ठा त्याच्या मृत्यूनंतर सापडला. वॉल्ट्झ त्यानं हयातीत छापलाच नाही. मित्रानं, ज्युलियन फोन्तानानं, तो १८५५ मध्ये छापला, म्हणून त्याला ओपस (म्हणजे रचनेचा छापील क्रमांक) ६९ असा मोठा आकडा आहे. 'निरोपाचा वॉल्ट्झ' हे नाव लोकांनी चिकटवलं. शोपाँनं ते दिलेलं नाही.

आता सांगा, एवढं वाचून, ती नदी रोज कामावर जाताना ओलांडून, मी तो वॉल्ट्झ दुसऱ्या कशा रीतीनं वाजवणार होते?

बाबा, पट्टी तुमच्या लक्षात आली असेलच. ए फ्लॅट मेजर, म्हणजे आपली काळी चार. आईची भजनाची पट्टी! पहिल्यांदा नोटेशन समोर ठेवून डाव्या हातानं तो खालचा षड्ज धरला तेव्हा मला आपल्या माजघरातली पेटीच ऐकू आली. उजव्या हाताचा सूर वरून निघतो आणि लागून लागून, पांढरी न् काळी काही न सोडता, पायरी पायरीनं खाली येतो. पेटीवर वाजवून बघा, सोपं आहे. अवघड आहे ते प्रत्येक पायरीला सारखं वजन न देणं. खाली डाव्या हाताचं काम ठरलेलं: पहिल्या मात्रेला खोल एक स्वर, दुसऱ्या-तिसऱ्याला वर दोन स्वरगुच्छ. तीन मात्रांचं आवर्तन, शेवटपर्यंत तेच. पहिल्या मात्रेला उजव्या पायानं पेडल दाबायचं, म्हणजे हात वर उचलला तरी तो खालचा स्वर घुमत राहतो, आणि पुढच्या आवर्तनाआधी वेळेवर सोडायचं. नाहीतर सगळे सूर एकमेकांत कालवले जातात.

आमच्या पियानोच्या बाईंनी नेमका तो डावा हात पकडला. मी वाजवून थांबले, तर त्या उजव्या हाताबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "उजवा हात मांडीवर ठेव. आता वाजव." नुसता डावा हात, अख्खा वॉल्ट्झ! मग कळलं की जिथे जिथे मला वरचा सूर गहिवरून धरायचा होता, तिथे तिथे खालचा हातही त्याच्यासाठी थांबत होता. प्रत्येक दोन ओळींनंतर चाल मोडत होती. शोपाँचा शिष्य लेन्झ यानं लिहून ठेवलंय की गुरुजी सांगत, डावा हात म्हणजे वादकांचा संचालक, त्यानं डळमळायचं नाही. दुसरा शिष्य मिकुली सांगतो की त्यांच्या पियानोवरून मेट्रोनोम, म्हणजे लय मोजून देणारं यंत्र, कधी हलत नसे. ज्याच्या लयीच्या लवचिकतेचं जग कौतुक करतं, त्याच्या घरी ही शिस्त.

हे बाईंना मला समजावून सांगावं लागलं, पण तुम्हाला सांगायची गरज नाही. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या उत्सवाला तुम्ही आम्हाला नेत होतात, तेव्हा कानात सांगायचात, "गवयाकडे बघू नकोस, ठेका ऐक. ठेका जागचा हलत नाही म्हणून तो एवढा लांब जाऊन येऊ शकतो." मी बाईंना ते मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. त्यांनी ते माझ्या नोटेशनवर पेन्सिलीनं एका शब्दात लिहून टाकलं: 'तबला'. अजून आहे तिथे.

मुख्य सूर परत येतो तेव्हा त्यात मधेच बारीक स्वरांचा झुपका येतो. तुम्ही त्याला हरकत म्हणाल. मी ती मोजून, समान भाग करून बसवली होती. बाई म्हणाल्या, शोपाँ शिष्यांना ऑपेरा ऐकायला पाठवत असे, गाणारा श्वास कुठे घेतो ते बघ म्हणे. मग त्यांनी मला ती जागा गायला लावली. मी 'आ'कारात गायले, अगदी आईसारखी, आणि ती आपोआप सुरुवातीला जरा रेंगाळून नंतर घरंगळत आली. "अशीच वाजव," एवढंच म्हणाल्या. आई, तुझ्या गळ्यातली ती जागा आता पियानोवर आहे.

कार्यक्रम छोटासाच होता. आमच्यासारखे नोकरी सांभाळून शिकणारे, आणि त्यांचे घरचे. माझं वाजवून झाल्यावर एक वयस्कर बाई जवळ आल्या. तरुणपणी खूप नाचायच्या म्हणे. म्हणाल्या, "सुंदर होतं, पण पहिल्या मात्रेवर माझं पाऊल पडत नव्हतं." आणि मला काही कळायच्या आत माझा हात धरून त्यांनी बाहेरच्या व्हरांड्यात फिरवलं. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. एकला पाऊल लांब पडतं, गुडघा जरा वाकतो, अंगाचं वजन तिथे जातं. दोन-तीनला टाचा उचलल्या जातात. त्यांचा हात माझ्या पाठीवर होता आणि दर 'एक'ला तो किंचित दाबला जायचा. एवढी वर्षं मी तीन मात्रा बोटांनी मोजल्या होत्या, पायात त्या तेव्हा उतरल्या. शोपाँचे वॉल्ट्झ काही नाचायला लिहिलेले नाहीत, दिवाणखान्यात बसून ऐकायला लिहिलेत. व्हिएन्नात असताना तर त्यानं पत्रात कळवलं होतं की इथले वॉल्ट्झ मला अजूनही जमत नाहीत. तरी त्या आजींचं म्हणणं मला पूर्ण पटलं. नाच दिसला नाही तरी पाऊल जाणवायला हवं.

बाई आता म्हणतात की दिनू लिपाती ऐक. आधी ऐकू दिला नव्हता, मुद्दाम. हा रोमानियाचा पियानोवादक. कर्करोगानं पोखरलेला असताना १९५० च्या जुलैत त्यानं जिनिव्हात शोपाँचे चौदा वॉल्ट्झ ध्वनिमुद्रित केले, त्यात हाही. सप्टेंबरात बेझान्साँला शेवटची मैफल केली, त्यात तेरा वाजवले आणि चौदाव्याची ताकद उरली नाही. डिसेंबरात गेला, ३३ वर्षांचा. मला वाटलं होतं, तो तरी रडवेल. पण बाबा, तो कुठे थांबतच नाही! सूर येतो, वळतो, जातो, स्वच्छ. मी तो ऐकून उठले आणि तुमचं वाक्य वहीत लिहून काढलं.

मग आणखी एक गोष्ट लक्षात आली, जी माझ्या डोळ्यांसमोर असून मी बाजूला ठेवली होती. तेचेनच्या वाड्यावर, आई-वडिलांपासून ताटातूट होण्याच्या त्याच दिवसांत, शोपाँनं तिथल्या मुलीच्या वहीत दुसरा एक वॉल्ट्झ लिहिला. त्यावर तारीख आहे १५ सप्टेंबर १८३५. पट्टी तीच, काळी चार. आणि तो वॉल्ट्झ झगझगीत आहे, दिवे लागलेल्या दालनातला, उड्या मारणारा! म्हणजे मनात काय चाललंय ते माणूस त्याच दिवशी सुरांत उतरवतोच असं नाही. मारियाला दिलेला वॉल्ट्झही लिहिताना त्याला पुढचं काही माहीत नव्हतं. मागणी घालायची होती, नकार यायचा होता, वडील अजून नऊ वर्षं असायचे होते. त्याला माहीत नसलेलं दुःख मी पहिल्या सुरात भरत होते. शिवाय हाच वॉल्ट्झ त्यानं नंतर इतरही बायकांना लिहून दिला, बारीकसारीक फरक करून. एकट्या मारियाचा निरोप म्हणून तो त्याच्याही मनात उरला नसावा.

म्हणून आता मी असं वाजवतेय. सुरुवात साधी, जरा हलकी, गप्पांच्या ओघात सहज निघाल्यासारखी. छापील प्रतीत वर 'लेन्तो' म्हणजे संथ असं लिहिलेलं असतं, पण मी पूर्वीपेक्षा थोडी पुढे ठेवते, पाऊल पडेल इतकी. मधला भाग मोकळा, खेळकर. त्याच्यापुढे उजव्या हाताला दोन-दोन स्वर एकदम येतात तिथे आवाज चढू देते, लाजत नाही. आणि मुख्य सूर पुन्हा आला की तेव्हा कुठे थोडं वजन. तुम्ही विचारलंत ना, पुढच्यासाठी काय ठेवलंस? हे ठेवलंय. सूर तोच असतो, पण मधे एवढं घडून गेलेलं असतं की ऐकणाऱ्याला तो वेगळा लागतो. मी वरून काही करायची गरज नसते.

एका जागी मात्र मी बाईंचं ऐकलेलं नाही. शेवटच्या वेळी मुख्य सूर सुरू होण्याआधी मी डावा हातही थांबवते, अगदी श्वासभर. बाई म्हणतात, नोटेशनमध्ये तिथे काही लिहिलेलं नाही, सरळ जा. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे समेआधी असा श्वास घेतात आणि ऐकणारे त्याच्यासाठी जीव गोळा करून बसतात. त्यांना पटलं नाही. मला मात्र अजूनही ती जागा तशीच खरी वाटते, आणि मी ती सोडणार नाही, निदान तुमचं ऐकेपर्यंत तरी.

दोन्ही रेकॉर्डिंगं पाठवतेय, थांबून आणि न थांबता. कुठलं कुठलं ते सांगत नाही. बाबा, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, डावा हात ऐकूच येत नाही त्यात. दादानं दिलेले हेडफोन टीव्हीखालच्या कप्प्यात आहेत. आई, तूही ऐक आणि तुझं वेगळं सांग. बाबांच्या मतात मत मिसळू नकोस, कारण त्या हरकतीबद्दल मला तुझंच मत हवंय. गुडघ्याला तेल लावणं चालू आहे ना? बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दादा या आठवड्यात आणून देतो म्हणालाय, तुम्ही उन्हात जाऊ नका.

आणि बाबा, शक्य झालं तर पेटीवर तो पहिला सूर काळी चारवरून बसवून मला पाठवा. तुम्ही तो कुठे सोडता ते मला ऐकायचंय.

तुमची,
ताई