ताई, तुम्ही तो प्रश्न लिहून घेतलात

आदरणीय ताई,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

हे पत्र तुम्हाला घरी आणून देता आलं असतं. तरी सगळ्यांसमोर लिहितो आहोत, कारण गुरुवारच्या शास्त्रपाठात तुम्ही जे केलंत ते नाशिकमधल्या इतर ख्रिस्ती मंडळ्यांनाही कळायला हवं. आणि मनातल्या मनात आभार मानून आमचं समाधान होत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय चालू होता, येशू स्वतःला द्राक्षवेल आणि शिष्यांना फांद्या म्हणतो तो. दुसऱ्या वचनाशी आलो तेव्हा एका भगिनीने विचारलं, "फळ न देणारी फांदी काढून टाकतात, हे कळलं. पण फळ देते तिलाच कात्री का?" तिचा तरुण मुलगा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ती द्राक्षवेलीबद्दल विचारत नव्हती, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. तुम्ही उत्तर दिलं नाही. पिशवीतून पेन्सिल काढलीत, स्वतःच्या पवित्र शास्त्राच्या समासात तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत लिहिलात आणि तिला वाचून दाखवलात. "असंच विचारलंत ना?" ती म्हणाली, "हो, असंच."

ताई, तुम्ही आमच्यासाठी खूप काही केलंत, पण सगळ्यात मोठं हे. तिचा प्रश्न वचनाच्या शेजारी बसण्याच्या लायकीचा आहे, हे तुम्ही एकही उपदेशाचा शब्द न काढता सांगितलंत.

कारण हाच प्रश्न घेऊन ती आधी इतरांकडेही गेली होती. एकाने सांगितलं, घरात लपलेलं पाप असेल, शोधा. दुसऱ्याने सांगितलं, देव आवडत्यांचीच परीक्षा घेतो. तिसऱ्या ठिकाणी तिच्या हातात उपासतापासांची यादी ठेवली, आणि विश्वास कमी पडतोय असंही ऐकवलं. नावं घेत नाही. पण राग गेलेला नाही, आणि तो गेल्याचं सोंग आम्हाला करायचं नाही. शुभवर्तमानाच्या नावाने बोलणाऱ्यांनी ते आधी उघडून तरी बघायचं होतं. योहान ९ च्या सुरुवातीलाच शिष्य जन्मांध माणसाकडे बघून विचारतात, पाप कोणाचं, ह्याचं की आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेल्याचा उल्लेख आहे. ती यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती का? प्रभू स्पष्ट नाही म्हणतो आणि पश्चात्तापाचं बोलणं समोर उभ्या असलेल्या ऐकणाऱ्यांकडे वळवतो. मेलेल्यांच्या घरच्यांकडे वळवत नाही. दुःखात असलेल्या आईला सल्ला देण्याआधी एवढी दोन ठिकाणं वाचली असती, तर त्या बाईचे कितीतरी महिने वाचले असते.

प्रश्न उघडा ठेवायला शुभवर्तमान स्वतः घाबरत नाही, हेही तुम्ही दाखवलंत. लूक १५ मधल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यात रुसून बाहेर थांबलेला थोरला मुलगा शेवटी घरात गेला की नाही, ते कुठेच लिहिलेलं नाही. धाकट्यासाठी बाप धावत गेला तसाच थोरल्यासाठीही बाहेर आला, त्याची समजूत घालू लागला, आणि गोष्ट तिथेच थांबते. मार्काच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांमध्ये तर शुभवर्तमान १६:८ ला संपतं, भ्यालेल्या स्त्रिया कबरेपासून पळून जातात आणि कोणाला काही सांगत नाहीत. मग आपल्यालाच प्रत्येक प्रश्नावर लगेच झाकण ठेवायची घाई का असावी?

तुम्ही योहान १५ ची पहिली आठ वचनं पुढचे काही गुरुवार सोडलीच नाहीत. दिंडोरीकडच्या आपल्या बागाईतदार भावाला बोलतं केलंत. त्याने सांगितलं ते नाशिककरांना नवीन नाही, पण वचनाशेजारी ठेवून कोणी ऐकलं नव्हतं. माल निघून गेला की एप्रिलात खरड छाटणी, काडी एक-दोन डोळ्यांवर, म्हणजे कोंब फुटायच्या जागांवर, आणायची. त्या छाटणीला घड येत नाही. मे महिन्यात बाग बघणाऱ्याला वाटेल, शेतकऱ्याने उभं पीक मोडलं. पण त्यानंतर फुटलेल्या नव्या काडीच्या डोळ्यातच, पहिल्या दोनेक महिन्यांत, पुढचा घड धरतो. ऑक्टोबरची गोडी छाटणी होते तेव्हा तो बाहेर येतो. एप्रिल चुकला तर ऑक्टोबरात नुसता पाला. त्यावर तुम्ही लगेच सावध केलंत, ते आम्हाला फार मोलाचं वाटतं: येशू राहिला त्या देशात हिवाळ्यात वेलीची पानं झडतात, वेल झोपते आणि मुख्य छाटणी वर्षाला एकदाच होते. आपल्या उष्ण हवेत वेलीला तशी झोप नाही, म्हणून इथे दोन छाटण्या. तेव्हा दोन छाटण्यांचा आध्यात्मिक अर्थ काढून तो येशूच्या तोंडी घालू नका. वचन समजायला आपली बाग घ्या, पण बागेतलं वचनात घुसडू नका.

आणि मग तिसरं वचन. मी सांगितलेल्या वचनामुळे तुम्ही आधीच शुद्ध झाला आहात, असं प्रभू शिष्यांना म्हणतो. म्हणजे दुसऱ्या वचनात फांदी साफ करणारी जी कात्री आहे, ती इथे वचनाची. मुलाचा मृत्यू ही देवाची छाटणी, असं हा उतारा म्हणत नाही. हे सगळ्यांत आधी त्या भगिनीलाच दिसलं, तिनेच ते मोठ्याने वाचलं. पहिल्या गुरुवारी तुम्ही सांगून टाकलं असतं तर ते तुमचं उत्तर राहिलं असतं. आता ते तिचं आहे. तिचं दुःख गेलेलं नाही, पण देवाने आपल्याला शिक्षा केली हा घोर मात्र गेला.

तुमची रीत इथे लिहून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या गटांना उपयोग होईल. उतारा आठ ते पंधरा वचनांचा, अख्खा अध्याय कधीच नाही. चारही शुभवर्तमानं मिळून ८९ अध्याय होतात, रोज एक वाचला तर तीन महिन्यांत संपतात, पण ते वाचन वेगळं आणि मनन वेगळं. सुरुवात मार्कापासून, १६ अध्यायांचं सर्वांत लहान शुभवर्तमान, आणि घटना भराभर घडतात म्हणून नवख्याला सोपं. पहिल्यांदा एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी पुस्तक मिटून ऐकायचं. दुसऱ्यांदा प्रत्येकाने मनात वाचून वहीत फक्त जे दिसतं ते लिहायचं: कोण आहे, कुठे आहे, कोण काय करतं, काय बोलतं. मला काय वाटलं, हे इथे लिहायचं नाही. गट घसरतात ते बहुतेक इथेच, कारण उतारा पुरता बघायच्या आत माणूस स्वतःकडे वळतो आणि मग वचनात तेच सापडतं जे त्याच्या मनात आधीपासून होतं. तिसरं वाचन दुसऱ्या आवाजात. मग घड्याळ लावून पाच मिनिटं शांतता. सुरुवातीला दोन मिनिटंही जड जातात, कोणी खाकरतं, कोणी गीत सुरू करू बघतं. तुम्ही ती शांतता कधी भरून काढली नाहीत. त्यानंतर प्रत्येकाने एक वचन आणि एक प्रश्न सांगायचा, दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. शेवटी पुढच्या गुरुवारपर्यंत करायची एकच गोष्ट, तीही नावानिशी. "प्रेमाने वागेन" चालत नाही. मत्तय ५:२३–२४ वाचलं, अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं आहे, तर कोणता भाऊ आणि कोणत्या दिवशी, ते ठरवून उठायचं.

मागचापुढचा संदर्भ सोडला तर काय होतं, हेही तुमच्याकडून कळलं. दोघे-तिघे जमतात तिथे मी आहे, हे मत्तय १८:२० उपासनेला माणसं कमी आली की आपण हमखास म्हणतो. पण पंधराव्या वचनापासून वाचलं तर विषय आहे चुकलेल्या भावाला परत मिळवण्याचा. जमण्यापेक्षा समेट अवघड, म्हणून आपण तेवढंच वचन तोडून घेतलं. याईराची मुलगी आणि रक्तस्रावाची स्त्री यांच्यावर तर दोन वेगवेगळ्या रविवारी संदेश होतात. मार्क ५ मध्ये त्या एकमेकींत गुंफलेल्या आहेत: मरणाला टेकलेल्या मुलीसाठी येशू तिच्या बापाबरोबर, याईराबरोबर, निघतो आणि वाटेत ही स्त्री भेटते. मुलगी बारा वर्षांची, स्त्रीचं दुखणं बारा वर्षांचं. ती सगळं सांगेपर्यंत येशू थांबतो आणि शेजारी याईर घड्या मोजत उभा राहतो. तोडून वाचलं की याईराचं ते थांबणं हरवतं, आणि थांबलेल्या माणसाला ह्या अध्यायात जे मिळायचं तेही हरवतं.

नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण तुम्ही एकदाच दिलंत, पण ते मनात राहिलं. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक, यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. लक्ष्मीबाईंचा त्यानंतर काही वर्षांनी, स्वतःच्या मनाने. मधली वर्षं वाया गेली असं कोण म्हणेल? मार्क ४:२६–२९ मधला शेतकरी बी टाकतो, झोपतो, उठतो, आणि ते कसं वाढतं हे त्याला कळत नाही. आधी अंकुर, मग कणीस, मग भरलेला दाणा. विश्वासाच्या वाढीबद्दल इतका धीर देणारा दाखला दुसरा नाही आणि तो फक्त मार्कात आहे. व्यासपीठावरून तो फारसा ऐकू येत नाही, कदाचित शेतकऱ्याला त्यात करण्यासारखं थोडंच आहे म्हणून. तुमच्यासारखी माणसं तेवढं थोडं करतात आणि बाकीचं देवावर सोडतात. कोणाच्या दारात उभं राहून त्याचा विश्वास मोजत नाहीत, कोणाच्या दुःखावर स्वतःची हुशारी दाखवत नाहीत. अशी सज्जन माणसं आपल्या मंडळ्यांत आहेत. त्यांना माइक मिळत नाही, एवढंच.

ताई, एक मागणं आहे. दिंडोरीच्या तरुण संघाला ह्याच रीतीने मार्क सुरू करायचा आहे. पहिले चार शनिवार तुम्ही नुसतं येऊन बसलात तरी चालेल, वाचन तेच करतील. वह्या आणि पेन्सिली आम्ही घेतल्या आहेत, न्यायला-आणायला गाडी पाठवू. त्या भगिनीनेही यायचं कबूल केलं आहे. पहिला उतारा मार्क ४:२६ पासूनचा घ्यावा की १:१ पासून, तेवढं कळवा.

आपले कृतज्ञ,
गुरुवारच्या शास्त्रपाठातले सर्वजण, नाशिक