सूचना : ताप आला की केल्फर थांबवा, आणि फेरिटिनचं विसरू नका

सगळ्या आईबाबांना परत एकदा सांगतेय, थॅलेसेमिया मेजरच्या (या आजारात सारखं रक्त चढवावं लागतं) ज्या मुलांना केल्फर (शरीरातलं जादा लोह काढणारी गोळी) चालू आहे त्यांना ताप आला किंवा घसा दुखला तर व्हायरल असेल म्हणून घरी बसू नका, गोळी लगेच बंद करून त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) करा आणि डॉक्टरांना फोन करा, कारण या गोळीने जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी एकदम खाली जाऊ शकतात.

बाकी फेरिटिन (शरीरात साठलेलं लोह दाखवणारी रक्ततपासणी) दर 3 महिन्यांनी. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण 200 मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि ते आपोआप बाहेर पडत नाही हो, म्हणून एरवी मूल चांगलं खेळतंय तरी गोळीचा डोस चुकवू नका. "अशक्त दिसतोय" म्हणून लोहाचं टॉनिक तर अजिबात नको, आजीने कितीही आग्रह केला तरी.