‘धूम्रपान : होय’ एवढ्यावर थांबू नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझे थोरले बंधू गेल्या काही वर्षांत तीन वेळा रुग्णालयात दाखल झाले. तिन्ही वेळा केसपेपरवर ‘धूम्रपान : होय’ अशी नोंद झाली, ‘सिगारेट सोडा’ हे एक वाक्य त्यांना ऐकवले गेले आणि विषय तेथेच संपला. त्याच तपासणीत रक्तातील साखर वाढलेली दिसली तेव्हा मात्र त्यांना औषध, आहाराचा तक्ता आणि फेरतपासणीची तारीख मिळाली. सिगारेट सोडायची इच्छा त्यांनी घरी अनेकदा बोलून दाखवली होती. परंतु दोन वेळा प्रयत्न फसलेला असल्यामुळे डॉक्टरांपुढे तो विषय आपणहून काढण्याचा संकोच त्यांना ओलांडता आला नाही.

हा संकोच ओलांडण्याची जबाबदारी रुग्णावर टाकू नये, आरोग्यसेवेनेच त्याच्यापर्यंत पोहोचावे, असे मला कळकळीने वाटते. ओढलेल्या धुरातील निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत जाते आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने मेंदू त्यावर विसंबू लागतो. ते बंद होताच चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, कशातही लक्ष न लागणे सुरू होते. हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत तीव्र असतो आणि साधारण तीन-चार आठवड्यांत ओसरतो. कोणत्याही मदतीविना सिगारेट सोडू पाहणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तीन ते पाच जण वर्षभरानंतरही तिच्यापासून दूर राहिलेले आढळतात, ते यामुळेच. याला मनाचा दुबळेपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

मदतीची साधने नाहीत, असेही नाही. निकोटीनची पट्टी शरीराला मंद आणि सलग मात्रा पुरवते, तर च्युइंगम अचानक उठणारी तलफ शमवते. ही दोन्ही एकत्र वापरल्यास एकट्या साधनापेक्षा अधिक उपयोग होतो. व्हॅरेनिक्लिन आणि बुप्रोपियॉन ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २०२१ पासून आहेत. याच संघटनेने जुलै २०२४ मध्ये तंबाखू सोडवण्याच्या उपचारांसंबंधी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, तेव्हा जगातील १२५ कोटी तंबाखू सेवन करणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोकांना ती सोडायची आहे, परंतु ७० टक्के लोकांना परिणामकारक सेवा उपलब्ध नाही, असे सांगितले होते. डॉक्टरांना वेळ नसतो ही अडचण खरी आहे. पण या सूचनांत नेहमीच्या तपासणीतच अर्ध्या मिनिटापासून तीन मिनिटांपर्यंतचा सल्ला द्यावा, एवढीच अपेक्षा आहे. पुढचे काम प्रशिक्षित परिचारिका आणि समुपदेशक दूरध्वनीवरूनही करू शकतात.

म्हणून माझी सूचना अशी, की नोंद करतानाच रुग्णाची संमती घेऊन त्याचे नाव समुपदेशकाकडे जावे, सिगारेट सोडण्याचा दिवस त्याच्याशी बोलून ठरावा, औषध त्याआधीच त्याच्या हाती पडावे आणि त्या दिवसानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, म्हणजे त्रास सर्वाधिक असतो तेव्हा, त्याला फोन जावा. पुन्हा सिगारेट पेटवली असे त्याने सांगितले, तर बोल न लावता पुढचा दिवस ठरवावा. बहुतेकांना ती कायमची सुटण्याआधी अनेक प्रयत्न करावे लागतात. ज्यांनी पूर्वी नकार दिला, त्यांनाही काही महिन्यांनी पुन्हा विचारायला हरकत नसावी. माणसाचे मन बदलते, विशेषतः आजारपणानंतर.

‘या वयात आता सोडून काय उपयोग’ हा समज तर डॉक्टरांनीच खोडून काढायला हवा. ब्रिटनमधील डॉक्टरांचा १९५१ पासून ५० वर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात, साठाव्या वर्षी धूम्रपान सोडणाऱ्यांचे आयुष्यही सुमारे तीन वर्षांनी आणि पन्नाशीत सोडणाऱ्यांचे सुमारे सहा वर्षांनी वाढल्याचे दिसले.

माझे बंधू आज चौपन्न वर्षांचे आहेत. त्यांचा दूरध्वनी क्रमांक त्या तिन्ही केसपेपरवर लिहिलेला आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक