जेनरिक यांनी उत्तर द्यायला हवे होते

महोदय,

ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या हुजूर पक्षाच्या नेतेपदासाठी केमी बेडनॉक आणि रॉबर्ट जेनरिक हे दोघेच उरले होते. मी वर्षानुवर्षे याच पक्षाला मत देत आलो, सभासदही आहे. पण जेनरिक यांच्याविषयी मनाची खात्री पटत नव्हती. २०१६ मध्ये ते युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने होते. २०२४ मध्ये मात्र युरोपीय मानवाधिकार करारातून बाहेर पडणे हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. मत बदलायला हरकत नाही. पण उत्तर आयर्लंडमधला संघर्ष थांबवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारात याच मानवाधिकार कराराची हमी दिलेली आहे. मग तिथल्या शांततेचे काय? एवढ्या नाजूक प्रश्नावर घोषणा पुरत नाही. बेकायदा आलेल्या आश्रयार्थींना रवांडाला पाठवण्याचे विधेयक पुरेसे कडक नाही म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले, ते धाडस मला मान्य आहे.

जुलै २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत आपण १२१ जागांवर आलो. दक्षिण इंग्लंडमधल्या कितीतरी हक्काच्या जागा लिबरल डेमोक्रॅट्सनी नेल्या. हा मध्यममार्गी मतदार जेनरिक परत कसा आणणार होते? ३१ ऑक्टोबरला नेतेपदाचे मतदान संपण्याआधी त्यांनी हे स्पष्ट सांगायला हवे होते.

– एक सभासद, लंडन