पॅटर्न म्हणजे साचा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, कारागीर मिळत नसल्याची बातमी आली. विषय जिव्हाळ्याचा, म्हणून दोनदा वाचली. त्यात पॅटर्नमेकरला सगळीकडे ‘साचे बनवणारा’ म्हटलं आहे. मी शिवाजी उद्यमनगरात बत्तीस वर्षं पॅटर्न केले, साचा एकही केला नाही. साचा मोल्डर करतो.

पॅटर्न म्हणजे जी वस्तू ओतायची तिची लाकडाची नाहीतर ॲल्युमिनियमची प्रतिकृती. ती पेटीत ठेवून भोवती वाळू ठोकायची आणि अलगद उचलून घ्यायची. वाळूत जी पोकळी उरते तो साचा, त्यात वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओततात. पॅटर्न मापाला मात्र वस्तूपेक्षा मोठा लागतो, कारण बीड थंड होताना आकसतं, मीटरला साधारण 10 मि.मी. म्हणजे 300 मि.मी.च्या कास्टिंगला पॅटर्न 303 चा. दर वेळी हा हिशेब करावा लागू नये म्हणून आमची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा सेंटिमीटर मुळातच केसभर मोठा आखलेला. शिवाय बाजूंना किंचित उतार हवा, नाहीतर उचलताना वाळूची कड ढासळते. माझ्या वस्तादांनी पहिले सहा महिने मला हा उतारच रंधायला लावला. ते डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवायचे आणि कुठं चुकलंय ते सांगायचे. या हाताच्या कामाला चुकीचं नाव पडलं की वाईट वाटतं.

शब्द इंग्रजी असला तरी त्याचं मूळ समजून घेण्यासारखं आहे. पूर्वी इंग्रजीत पॅटर्न आणि पेट्रन (म्हणजे आश्रयदाता) हा एकच शब्द होता. तो लॅटिन ‘पॅट्रोनस’वरून आला, आणि त्याच्या पोटात ‘पॅटर’ म्हणजे बाप आहे. ज्याच्याकडे बघून दुसऱ्यानं घडायचं, तो पॅटर्न. फौंड्रीत हा अर्थ अजून जसाच्या तसा आहे. लातूर पॅटर्नमध्येही तोच आहे. तिथली अभ्यासाची आणि सराव परीक्षांची पद्धत इतरांनी उचलली, म्हणून ते नाव शोभतं. शिंप्याकडचा कागदी पॅटर्नही त्यातलाच.

पुढं अर्थ पसरला. साडीवरची नक्षी पॅटर्न झाली, परीक्षेचं स्वरूप पॅटर्न झालं, पावसाची तऱ्हाही पॅटर्न झाली. मोबाइलवर नऊ ठिपके जोडून कुलूप उघडतो त्यालाही पॅटर्नच म्हणतात, आणि तो तर कुणी बघून उचलू नये म्हणून आपण हात आडवा धरतो. आमच्या गल्लीतली पोरं एखाद्याला ‘लई पॅटर्न हाय ह्यो’ म्हणतात, तेव्हा त्याच्यासारखा दुसरा नाही असं त्यांना सांगायचं असतं. बोलण्यात हे सगळं चालावं, मला ते आवडतं. पोरांनी शब्द आपलासा केलाय.

छापील मजकुराची गोष्ट वेगळी. नगरपालिकेतल्या युतीपासून चोऱ्यांपर्यंत सगळ्याला पॅटर्न म्हटलं, की वाचणाऱ्याला हा अनुकरणाचा नमुना आहे, नुसती पुनरावृत्ती आहे की काहीतरी आगळंवेगळं आहे, हे कळत नाही. आपल्याकडे नमुना, धाटणी, नक्षी, तऱ्हा, ठरावीक क्रम असे नेमके शब्द आहेत. ज्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, पावसाळ्यापूर्वी काढतात आणि पावसाळा संपला की घालतात, त्याला आधीच्या पिढीनं ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हटलं. राज्यभर तसे बंधारे झाले आणि नावही त्यांच्यासोबत गेलं.

त्या बातमीची दुरुस्ती छापावी, ही विनंती. आमच्या शेजारचा मुलगा मोल्डरचं काम करतो. बातमी वाचून ‘ही भरती माझ्यासाठी आहे का?’ असं त्यानं मला विचारलं. बातमीतल्या कारखान्याला पॅटर्नमेकर हवा आहे की मोल्डर, एवढं कळलं तर त्याला नक्की सांगता येईल.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर,
कोल्हापूर