पाळण्यातला झाँ

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकारांवरचा लेख आवडला. पण क्लोद मोने म्हटलं की कमळं, पूल आणि गवताच्या गंजी! घरातला मोने नेहमीसारखा राहूनच गेला.

१८६७ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसात त्याचा पहिला मुलगा झाँ जन्मला. मोने तेव्हा २६ वर्षांचा, खिशात दमडी नाही. बाळाची आई कामीय हिच्याशी लग्न झालेलं नव्हतं आणि मोनेच्या वडिलांना हे नातं मुळीच मान्य नव्हतं. तो स्वतः सेंत-आद्रेसला नातेवाइकांकडे, बाळ-बाळंतीण पॅरिसात; मित्र बाझीयला पैशांसाठी पत्रांवर पत्रं. एका पत्रात तो कबूल करतो, की इतकं सगळं असूनही या गुटगुटीत पोरावर आपला जीव जडलाय.

त्याच वर्षी त्याने ‘पाळणा’ रंगवला. फुलाफुलांच्या कापडाची झालर, खाली उश्यांवर लाल गालांचा झाँ, जवळ एक भिरभिरं. शेजारची बाई कामीयच का, यावर जाणकारांत मतभेद आहेत. मला विचाराल तर तिच्याकडे लक्षच जात नाही. पांढऱ्याशुभ्र कपड्यांच्या पसाऱ्यात ते एवढंसं तोंड तेवढं दिसतं. उधारीवर दिवस काढणाऱ्या बापाने कॅनव्हास मात्र जवळजवळ चार फूट उंचीचा घेतला!

मूळ चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि तिच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतं. पुढच्या लेखासोबत ते रंगीत छापावं, ही विनंती.

– एक वाचक, डोंबिवली