शेवटच्या नळाचाही नमुना घ्या

मा. पाणीपुरवठा मंत्री यांस,

सादर नमस्कार.

आमची वस्ती लहान आहे. पाण्याचा अहवाल दरवेळी ‘पिण्यास योग्य’ असाच येतो, आणि तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. नमुना टाकीजवळ घेतात, तिथलं पाणी चांगलंच असतं. मी राहते पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला. पाणी सुटलं की आमचा नळ आधी नुसती हवा सोडतो, मग भुरकट धार येते आणि ती निवळेपर्यंत एक बादली ओतून द्यावी लागते. ही बादली कुठल्याच अहवालात नसते.

कारण आपल्या अभियंत्यांना ठाऊक आहे. पाणी ठरावीक वेळेलाच सुटतं. बंद झालं की पाइपातला दाब जातो आणि फुटक्या सांध्यातून बाहेरची ओल आत ओढली जाते. शेजारून गटार जात असेल तर ती ओल कसली, हे सांगायला नको. टाकीत घातलेलं क्लोरीन वाटेतच संपतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते घरी पोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं. मी ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे, थेंब नळाच्या पाण्यात टाकून पाहिले. पिवळी छटा यायला हवी होती. पाणी होतं तसंच राहिलं.

नमुना घेतानाही मी एकदा उभी होते. निर्जंतुक बाटलीच्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड असते, सोडियम थायोसल्फेट. नमुन्यातलं क्लोरीन तिथल्या तिथे निकामी करणं हे तिचं काम. आलेल्या माणसाने बाटली नळाखाली धरून आधी स्वच्छ विसळली! बिचाऱ्याने चांगल्या हेतूनेच केलं असणार. पण पूड गेली की प्रयोगशाळेत पोचेपर्यंत क्लोरीन बाटलीतले जंतू मारत राहतं, आणि अहवाल पाण्यापेक्षा चांगला येतो. त्याला हे कुणी शिकवलंच नव्हतं.

तक्रार केली की ‘उकळून प्या’ हे उत्तर मिळतं. जंतूंसाठी ते बरोबर आहे. नायट्रेट मात्र उकळून जात नाही. पाणी आटतं तसं उलट दाट होतं. खतं आणि शौचखड्डे यांतून ते भूजलात उतरतं, त्याला ना रंग ना वास. जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला ५० मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली ती बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांसाठी, कारण त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद त्याने घटते आणि अंग निळं पडतं. आमच्या विहिरीची ही तपासणी झाली असेल, तर आकडा आम्हाला कुणी दाखवलेला नाही.

कॅनडातल्या वॉकर्टन या सुमारे पाच हजार वस्तीच्या गावात मे २००० मध्ये मोठ्या पावसानंतर शेणखतातले जंतू विहिरीत उतरले. क्लोरीन पुरेसं नव्हतं, नोंदवहीत मात्र न मोजलेले आकडे वर्षानुवर्षं लिहिलेले होते. प्रयोगशाळेने दूषित पाण्याचा अहवाल पाणीपुरवठा संस्थेला कळवला, आरोग्य खात्याला नाही, आणि आरोग्य खात्याने विचारलं तेव्हा ‘पाणी ठीक आहे’ असं सांगण्यात आलं. सात माणसं गेली, दोन हजारांवर आजारी पडली. कागद वेळेत तयार होता, महोदय. तो योग्य टेबलावर नव्हता.

म्हणून मागणं एवढंच: नमुना टाकीसोबत शेवटच्या नळाचाही घ्या, घेणाऱ्याला नीट शिकवा, आणि अहवाल आकड्यांसकट टाकीच्या भिंतीवर लावा. वाईट आला तर त्याच दिवशी. नवी पाइपलाइन होईल तेव्हा होईल, या कामाला तिची वाट पाहायला नको.

पुढच्या वेळी आपला माणूस पाणी सुटायच्या आधी आमच्याकडे पाठवा. पहिली बादली मी ओतणार नाही, तशीच ठेवीन.

आपली,
शेवटच्या नळावरची एक रहिवासी